सारंग थांबत नसतो

आमचे घरमालक दिवसातून तीस-चाळीस वेळा मरायचे आणि प्रत्येक मरण आम्हाला वरच्या मजल्यावर ऐकू यायचं.

"मेलो," असा खालून आवाज यायचा. मग क्षणभर शांतता, आणि मग एका शब्दात कारण. "घाई." नाहीतर "लोभ." नाहीतर "बघितला नाय." पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट इतक्या कमी शब्दांत मी सरकारी नोकरीत कधी पाहिला नाही, आणि मी पाटबंधारे खात्यात कारकून आहे, म्हणजे लांब रिपोर्टांशी माझी चांगली ओळख आहे.

राहायला आलो त्या पहिल्या सकाळची गोष्ट. घर दलालामार्फत मिळालेलं, घरमालकांना अजून पाहिलं नव्हतं. ही कपबशा फळीवर लावत होती. मी कॅलेंडरसाठी खिळा ठोकायला बसलो होतो, आणि जांभ्या दगडाच्या त्या भिंतीत खिळा जात नव्हता. तेवढ्यात खालून कोणीतरी अगदी शांतपणे, बस चुकल्याचं सांगावं तसं म्हणालं, "मेलो."

ही हातातली बशी ठेवून तशीच धावली. मीही धावलो; आधी चपला शोधल्या एवढंच. बाहेरच्या सतरा पायऱ्या उतरून खाली पोचलो तर ओटीवरच्या खोलीत लुंगी-बनियनमधले एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ आरामखुर्चीत बसलेले. चष्मा दोरीने गळ्यात, समोर मोठा टीव्ही, मांडीवर उशी, उशीवर गेम खेळायचा तो कंट्रोलर. टीव्हीवर एक चिलखतवाला योद्धा पालथा पडला होता.

"वरचे ना तुम्ही?" ते म्हणाले. "बसा. मेलो तो मी. रोजचंच हाय."

ही त्या दिवसापासून त्यांना चाचा म्हणायला लागली, म्हणून मीही. आमच्या घरात नाती ही ठरवते, मी पाळतो.

चाचा पस्तीस वर्षं मालवाहू जहाजांवर स्वयंपाकी होते. जगातली बहुतेक बंदरं त्यांनी गॅलीच्या, म्हणजे जहाजावरच्या स्वयंपाकघराच्या, गोल खिडकीतून पाहिलेली. "हांबुर्ग कसं आहे?" विचारलं तर म्हणायचे, "कांदा बरा मिळतो." चाची जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी पनवेलला दिलेली. तिचा मुलगा शारजाला नोकरीला जाताना आपलं गेमचं यंत्र आजोबांकडे ठेवून गेला. चालू वस्तू नुसती पडून राहिलेली चाचांना बघवत नसे. नातवाने जायच्या आधी दोन दिवसांत जेवढं शिकवलं, तेवढ्यावर त्यांनी सुरुवात केली आणि कंट्रोलरला सुकाणू असं नाव दिलं.

नावं ठेवण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. त्या गेममध्ये कठीणपणाच्या पाच पायऱ्या होत्या. इंग्रजीतली नावं त्यांनी नातवाच्या डोळ्यांदेखत रद्द केली. पहिली पायरी बाळंतिणीचं, दुसरी पाहुण्याचं, तिसरी घरातलं, चौथी जहाजावरचं आणि पाचवी वादळातलं. जेवणाचे हे पाच प्रकार त्यांना ठाऊक होते आणि जगाची विभागणी त्यांच्या मते तेवढ्यातच होत होती. स्वतः पहिल्या दिवसापासून वादळातलं लावून बसले. पहिल्या दारावरच्या पहिल्या शिपायाने त्यांना म्हणे तीन आठवडे आत सोडलं नाही.

"चाचा, एखादी पायरी खाली घ्यायची ना," मी एकदा म्हटलं. मी पहिल्या मजल्यावर जायलाही लिफ्ट शोधणारा माणूस आहे.

"कशाला?"

"जिंकाल तरी."

त्यांनी चष्मा नाकावर चढवून माझ्याकडे बघितलं. "कारकून, तुला मासा कसा आवडतो?"

हा माझा दुखरा भाग होता आणि त्यांना तो ठाऊक होता. मी अलोऱ्याच्या कॉलनीत वाढलो. वडील कोयना प्रकल्पावर, आई घाटावरची. मासा आमच्या घरी परीक्षेसारखा वर्षातून दोनदा यायचा. ही गुहागरची, हिच्या माहेरी मूल आधी काटा काढायला शिकतं, मग बोलायला. लग्नाला वीस वर्षं झाली तरी मी सुरमईच्या तुकडीपलीकडे गेलेलो नाही. मधला एक काटा काढला की मोकळं रान.

"सुरमईची तुकडी," मी म्हटलं.

"मग तुला समजायचं नाय," असं म्हणून ते पुन्हा मेले. "बडबड," त्यांनी कारण सांगितलं.

पण समजावून सांगायची त्यांना हौस होती. रविवारी मी खाली जाऊन बसायचो. हातात चहा, समोर लढाई. मला वाटायचं, कठीण म्हणजे शत्रूच्या अंगात ताकद जास्त असणार. चाचांना हे ऐकून राग यायचा.

"ताकद म्हणजे तिखट. मूठभर तिखट जास्त घातलं म्हणून स्वयंपाक कठीण होतो काय? खाणाऱ्याचे हाल होतात तेवढेच. ता कठीण नव्हे. ता नुसतं त्रासदायक." मग पडद्याकडे बोट. "हे बघ. खालच्या पायरीवर हे पाच जण रांगेत उभे राहतात. रेशनच्या दुकानासारखे. एक मारून गेला की दुसरा येतो. इथे बघ कसे येतात. मिरकरवाड्याच्या बंदराला होडी लागली की लिलावाला येतात ना, तसे. पुढचा बोलतोय तोवर मागचा टोपलीत हात घालतो."

आणि खरंच ते पाचही एकदम यायचे. एक समोरून तलवार उचलायचा, आणि चाचा त्याच्याकडे बघतायत हे ओळखून बाजूच्या भिंतीवरचा तिरंदाज बाण सोडायचा.

"मेलो. बाजू."

लोभाची त्यांची व्याख्या मी ऑफिसातही सांगत असतो. शत्रूचा वार चुकवला की मध्ये एक फट मिळते. त्या फटीत दोन वार बसतात. तिसरा बसेलसं वाटतं. तो तिसरा म्हणजे लोभ. "बांगडा तव्यावर टाकला की एकदाच परतायचा," ते म्हणायचे. "ज्याला दोनदा परतायचा हात शिवशिवतो तो मेला." दम संपेपर्यंत वार करायचे नाहीत, पळायला एक श्वास शिल्लक ठेवायचा. आणि वार आला की मागे सरकायचं नाही, त्याच्याच अंगावर तिरकं जायचं. "लाटेला पाठ दाखवली तर जहाज उलटतं. तोंड द्यायचं, थोडं तिरकं." हे सांगताना खुर्चीतच डावीकडे झुकायचे, चहा बशीत सांडायचा.

तो गेम मध्येच थांबवता येत नसे. अजान झाली की लढाई कुठेही असो, चाचा सुकाणू उशीवर ठेवून उठायचे आणि मागे पडद्यावर त्यांना सावकाश भोसकलं जायचं. "हे मरण धरायचं नाय," एवढं बजावून ते नमाजाआधीच्या वजूला, हातपाय धुवायला जायचे.

सगळ्यात शेवटचा शत्रू म्हणजे एक उंच, एका डोळ्याचा भालेकरी. त्याला त्यांनी सारंग म्हटलं होतं. सारंग म्हणजे जहाजावरचा खलाशांचा मुकादम. त्यांच्या पहिल्या जहाजावरचा सारंग नेमका तुम्ही घास तोंडाजवळ नेलात की हाक मारायचा. हाही तसाच. चाचांच्या योद्ध्याकडे औषधाची बाटली असे, जखमा भरायला. बाटली तोंडाला लागली रे लागली की सारंगाचा भाला छातीत. इतर वेळी तो हात उचलायचा आणि मारायचाच नाही. उचललेला हात तसाच ठेवून वाट बघायचा. तुम्ही घाबरून आधीच उडी मारलीत की मग मारायचा.

"बघितलास? मारण्यापेक्षा न मारणं वाईट," चाचा कौतुकाने म्हणायचे. शत्रूबद्दल इतक्या मायेने बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. "पण हुशार हाय. घास घ्यायला देत नाय. सारंग थांबत नसतो."

मी एकदा हट्टाने खेळून बघितलं, बाळंतिणीच्या पायरीवर. पहिल्या दारावरच्या शिपायापर्यंत पोचलोच नाही; वाटेत पुलावरून पडलो. "मेलास," चाचा म्हणाले. "कारण?" मला सांगता येईना. "पूल," त्यांनीच सांगितलं, आणि हसताना त्यांना ठसका लागला.

असं बरं चाललं होतं. मग एका फेब्रुवारीत, दुपारी बाजारातून येताना, चाचांचा उजवा हात पिशवीसकट खाली आला.

झटका सौम्य होता असं डॉक्टर म्हणाले. सौम्य हा शब्द ज्याला झटका येत नाही तोच वापरतो. बोलणं आठवड्यात ताळ्यावर आलं. उजवा पाय थोडा ओढत चालायचा आणि उजव्या हाताचा अंगठा निरोप उशिरा पोचलेल्या शिपायासारखा काम करायचा. सांगितलेलं ऐकायचा, पण थोड्या वेळाने.

मुलगी पनवेलहून रजा काढून आली ती राहायलाच. चाळिशीची, शाळेत शिक्षिका, बापासारखीच कमी बोलणारी. तिने घराची पायरी न् पायरी खाली आणली. न्हाणीत खुर्ची आली. चहा बशीतून कपात गेला. ताटात आधी खिमटासारखा मऊ भात, मग काटे काढून कुस्करलेला मासा. चाचा मुकाट्याने खायचे. बंदराबंदरातल्या लोकांना जेवू घातलेला माणूस, आणि त्याच्या ताटात मासा कुठला आहे हेही ओळखू येत नव्हतं.

"अब्बा, मे महिन्याच्या शेवटी शाळेची तयारी सुरू होते. तुम्ही माझ्याबरोबर चला," ती म्हणाली. मी समोरच होतो. औषधं आणून द्यायला गेलो होतो.

"मी इथे बरा हाय."

"बरे? वर ह्यांच्या घरी जायच्या सतरा पायऱ्या चढता येत नाहीत तुम्हाला, आणि म्हणे एकटा राहीन. त्या सतरा पायऱ्या चढून दाखवल्यात ना, त्या दिवशी मी माझी बॅग उचलून जाईन."

"पायऱ्या काय, उभ्याच असतात," चाचा म्हणाले. "त्या काय मारतात? ती परीक्षा नव्हे." मग टीव्हीकडे हात केला, डावा. "तो सारंग. वादळातला. ह्या अंगठ्याने मी त्याला मारला तर राहणार. गाडी यायच्या दिवसापर्यंत नाय मारला तर गपचूप तुझ्याबरोबर येणार. बोल."

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ह्यांना समजवा तुम्ही." मी कोणालाच काही समजावू शकत नाही हे तिला माहीत नव्हतं. शेवटी थकून तिने मान हलवली. तिला तो म्हाताऱ्याचा खेळ वाटला. मला माहीत होतं की तो खेळ नव्हता. चाचा शब्द देऊन बसले होते.

मार्च गेला, एप्रिल गेला. खालून आवाज यायचा, "मेलो. अंगठा." पुन्हा "मेलो. अंगठा." हे कारण नवीन होतं आणि मला ते ऐकवत नव्हतं. पण चाचांनी त्यातूनही वाट काढली. "अंगठा उशिरा पोचतो ना," ते मला म्हणाले, "मग मी त्याला आधी पाठवतो. सारंग मारायचं मनात आणतो तेव्हाच मी दाबतो. म्हणजे आता त्याच्या हाताकडे बघून चालत नाय. खांद्याकडे बघायला लागतं. त्याच्याआधी मला समजायला लागतं तो काय करणार." मे उजाडला तेव्हा सारंगाचं अर्धं आयुष्य ते संपवत होते. अर्ध्यानंतर सारंग भाला टाकून दोन तलवारी घ्यायचा आणि सगळं नव्याने सुरू व्हायचं.

गाडी यायला बारा दिवस उरले तेव्हा मी ते केलं.

माझ्या बाजूने सांगायचं तर हेतू चांगला होता. आता खरं सांगतो. चाचा गेले असते तर मुलीने घर बंद केलं असतं आणि आम्हाला दुसरं बघावं लागलं असतं. आणि रविवार सकाळचं मी काय केलं असतं, हेही होतंच. मुलगी त्यांना हाताच्या व्यायामाला घेऊन गेली होती. घराची एक किल्ली आमच्याकडेही असायची. मी टीव्ही लावला, सुकाणू हातात घेतला आणि चोरासारखा त्या यादीत शिरलो. अगदी तळाला नेलं तर संशय येईल, एवढी कारकुनी अक्कल मला होती. पाचव्यावरून दुसऱ्यावर आणलं. वादळातल्यावरून पाहुण्याच्यावर. टीव्ही पुसून बंद केला. पुसायचं काही कारण नव्हतं.

संध्याकाळी पाचला त्यांनी बोलावलं नसतानाही मी चहा घेऊन खाली हजर. मुलगी तांदूळ निवडत दारात बसली होती. सारंग आला. चाचांनी पहिला वार चुकवला, दोन मारले. सारंगाचं आयुष्य भराभर उतरलं. आणखी दोन. सारंगाने तलवारी घेतल्या. मुलीचा हात सुपातच थांबला. सारंगाच्या अंगात अगदी रेघभर आयुष्य उरलं. एक वार, फार तर दोन.

चाचांनी तो वार केला नाही.

त्यांनी बाटली काढली आणि तोंडाला लावली. सारंग नुसता गोल फिरत राहिला. त्यांनी बाटली पुन्हा तोंडाला लावली. सारंगाने पिऊ दिली. मग त्यांनी सुकाणू उशीवर ठेवला, हाताची घडी घातली, आणि बघत बसले. सारंग त्यांच्यापुढे बस स्टँडवर गाडीची वाट बघणाऱ्या माणसासारखा येरझाऱ्या घालत होता. मग आला आणि एक हलकासा वार करून परत मागे गेला.

पाहुण्याच्या पायरीवर मरायलाही फार वेळ लागतो. सहा-सात वार झाले. शेवटी योद्धा पालथा पडला.

"मेलो," चाचा म्हणाले. आणि माझ्याकडे न बघता कारण सांगितलं. "कारकून."

मी काहीतरी पुटपुटलो. म्हणजे मला वाटलं की, म्हणजे तब्येत.

"मला पाहुणा केलास," ते हळू म्हणाले. "माझ्याच घरात."

मुलीला काय झालं ते समजलं नव्हतं. तिने मला विचारलं आणि मला तिच्यासमोर उभं राहून सांगावं लागलं. ती माझ्यावर रागावेल असं वाटलं. ती नुसती सुपाकडे बघत राहिली. सकाळी कुस्करलेल्या माशाचं ताट अजून मोरीत पडलं होतं.

पुढचे पाच दिवस खालून एकही मरण ऐकू आलं नाही. ते खेळत होते. तलवारींचा आवाज यायचा. पण मेल्यावर बोलायचे नाहीत. आम्हाला वर चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं. "तू त्यांच्या माशातले काटे काढलेस," ही मला म्हणाली. मी तिला सगळं सांगितलं होतं, टीव्ही पुसल्याचं सोडून. "आता काटे घेऊन जा."

सहाव्या दिवशी तिने बाजारातून तारल्या आणल्या. तारली म्हणजे बोटभर मासा आणि हातभर काटे. तिने त्या डोक्या-शेपटासकट कुरकुरीत तळल्या, दोन ताटं वाढली आणि माझ्या हातात दिली.

"दोन कशाला?"

"एक तुझं."

मुलीने ताट बघितलं आणि उठली. "अब्बांना हे नाही चालणार. द्या इकडे, मी काढून..."

"राहू दे, बाय," चाचा म्हणाले. पाच दिवसांत मी ऐकलेले हे त्यांचे पहिले शब्द.

आम्ही समोरासमोर बसलो. त्यांनी उजव्याच हाताने सुरुवात केली. अंगठा उशिरा पोचत होता, तर ते बोटांनी मासा दाबून धरायचे आणि अंगठ्याची वाट बघायचे. कणा एका बाजूने सुटायचा, मध्येच तुटायचा. ते पुन्हा पहिल्यापासून धरायचे. मुलगी दाराला टेकून उभी. तिचा हात दोनदा पुढे आला आणि दोनदा पदरात गेला. पहिली तारली संपायला दहा मिनिटं लागली असतील. ताटाच्या कडेला त्यांनी काटे ओळीने मांडले.

माझ्याने ते बघवेना, म्हणून मी माझ्या ताटात लक्ष घातलं, आणि दुसऱ्याच घासाला काटा घशात. डोळ्यांत पाणी, तोंड उघडं.

"कोरड्या भाताचा गोळा गीळ. चावू नको," चाचा म्हणाले. गिळला. काटा गेला. त्यांनी वाट बघितली. मग विचारलं, "मेलास. कारण?"

"घाई," मी म्हटलं.

"शिकतोयस," ते म्हणाले आणि दुसरी तारली उचलली.

त्या दुपारी पायरी पुन्हा वादळातल्यावर गेली, त्यांच्या हाताने. आणि खालून आवाज आला, "मेलो. दम." ही भांडी घासत होती, ती थांबली आणि पुन्हा घासायला लागली.

पण दिवस राहिले होते सहा. मग चार. मग गाडी यायचा दिवस उजाडला. सकाळी नऊला गाडी येऊन फाटकाशी उभी राहिली. पावस गावाहून कोणाचीतरी आंब्याची शेवटची पेटी आली होती, ती मुलीने डिकीत ठेवली. चाचांची बॅग ओटीवर होती. आतून तलवारींचा आवाज येत होता. मी वर खिडकीत उभा होतो; खाली जायची माझी हिंमत नव्हती. आवाज नेहमीपेक्षा लांबला. फार लांबला. मग थांबला.

"मेलो" ऐकू आलं नाही. ही म्हणाली, "जिंकले बहुतेक."

मग पायऱ्यांवर काठीचा आवाज आला. टक्. बराच वेळ काही नाही. मग पाय ओढल्याचा आवाज. टक्.

मी दारात गेलो. चाचा दुसऱ्या पायरीवर होते. आमच्या त्या पायऱ्यांना कठडा नाही. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला अबोलीचा वाफा आणि खाली फरशी. ते उजवा खांदा भिंतीला घासत येत होते. खाली मुलगी गाडीकडून धावत आली आणि पहिल्या पायरीशी थांबली. तिने वर माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. मी चौदा-पंधरा पायऱ्या उतरलो असतो तर त्यांच्या काखेत हात घालता आला असता.

"जा ना," ही मागून कुजबुजली. मग लगेच म्हणाली, "नको."

मी दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि एका हाताने दुसरा धरून ठेवला. आयुष्यात मी कामं टाळण्यासाठी पुष्कळ वेळा स्वस्थ उभा राहिलोय. पण त्या दिवशी नुसतं उभं राहून माझा शर्ट पाठीला चिकटला. नवव्या पायरीवर त्यांचा पाय अडखळला. अकराव्यावर ते थांबले, भिंतीला टेकले, श्वास राखला. घाई केली नाही. मग पुन्हा टक्.

वर आल्यावर त्यांनी पहिल्यांदा पाणी मागितलं. हिने दिलं. सबंध तांब्या संपवून म्हणाले, "मेलो."

"कारण?" मी विचारलं.

"कारण नाय," ते म्हणाले. "मी बरोबर होतो. तो चांगला खेळला." आणि खिशातून घराची आपली किल्ली काढून माझ्यापुढे धरली. "शब्द दिलेला हाय. निघतो. टीव्हीवर धूळ बसू देऊ नको. तुला पुसायची सवय हायच."

मी किल्ली घेतली नाही, कारण खालून मुलीचा आवाज आला.

"सतरा," ती म्हणाली.

"काय?"

"सतरा पायऱ्या. मोजल्या मी." तिने ड्रायव्हरला आपली बॅग दाखवली आणि अब्बांची उचलून परत आत नेली. बाहेर आली तेव्हा डोळे पुसून झाले होते. "मी काय बोलले होते ते विसरलात तुम्ही, मी नाही विसरले."

चाचा गोंधळले. मी त्यांना गोंधळलेलं एवढंच एकदा पाहिलं. "बाय, काटे काढतेयस काय? मी हरलोय. तो जिवंत हाय."

"तो तुमचा सारंग, तुम्ही बघा. मी सांगितलं होतं ते तुम्ही केलंत." मग शिक्षिका झाली. "रोज दोनदा फोन उचलायचा. आणि उतरताना कोणीतरी पुढे राहा त्यांच्या. पुढे. धरायचं नाही."

मी पुढे राहिलो. सतरा पायऱ्या उलटा उतरलो, त्यांच्याकडे तोंड करून, आणि शेवटच्या पायरीवर मीच घसरून फरशीवर बसलो.

"बघितला नाय," चाचांनी वरून कारण सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ही पोळ्या लाटत होती. मी ऑफिसला निघायचं म्हणून चपला शोधत होतो. खालून तलवारींचा आवाज येत होता. मग थांबला, आणि आमचे घरमालक मेले. आम्ही दोघं जागच्या जागी उभे राहिलो.

"लोभ," खालून आवाज आला.

हिने पोळी तव्यावर टाकली.